पाठ आखडलेल्या माणसाला दम लागू लागला तर: घरापासून दवाखान्यापर्यंत काय करावं

पन्नाशी-साठीच्या माणसाची पाठ आखडली, मान वळेनाशी झाली, की आपल्याकडे "आयुष्यभर वावरात वाकला, होतेच" म्हणून विषय संपतो. तोच माणूस दोन-चार वर्षांनी "मले दम लागते" म्हणू लागला, की दमा समजून पंप सुरू होतो किंवा गावच्या डॉक्टरकडे सलाईन लागतं. पाठ एक दुखणं आणि दम दुसरं, असं सगळे धरून चालतात. पण काही माणसांत दोन्हींचं मूळ एकच असतं. मणक्यांवर आणि मणक्यांना बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधनांत नको तिथं हाड वाढलेलं असतं. विदर्भात हे जास्त लक्षात ठेवायला हवं, कारण यवतमाळ जिल्ह्यातल्या आणि चंद्रपूरच्या काही तालुक्यांतल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, आणि वर्षानुवर्षं ते पाणी पोटात गेलं की असं हाड वाढू शकतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. दम लागण्याची नेहमीची कारणं वेगळी आहेत: हृदय, बिडीनं खराब झालेलं फुप्फुस, दमा, टीबी, अंगात रक्त कमी असणं. सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजारही आपल्या भागात आहे. म्हणून हा लेख वाचून कोणाचाही दम पाठीच्या माथी मारू नका. आधी ही कारणं तपासायची, आणि त्याच फेरीत पाठही दाखवायची.

थांबायचं नाही अशी लक्षणं

पुढचं काही दिसलं तर घरी मोजमाप करत बसू नका, १०८ ला फोन करा:

- श्वास आत घेताना घशातून शिट्टीसारखा किंवा घरघर आवाज येणं
- एक वाक्य सलग बोलता न येणं, थुंकी गिळता न येऊन लाळ गळणं
- ओठ, नखं निळसर पडणं. बसल्या जागी मिनिटाला ३० पेक्षा जास्त श्वास
- छातीत दुखून घाम फुटणं
- पाय अचानक बधिर किंवा लुळे पडणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं

गाडी येईपर्यंत माणसाला बसतं ठेवा. मानेतल्या हाडानं श्वास अडला असेल तर उताणं झोपवल्यावर तो आणखी अडतो. त्याला ज्या बाजूला मान ठेवून बरं वाटतं तिथंच राहू द्या, सरळ करायला जाऊ नका. फवारणी करून आलेल्या माणसाचा दम मात्र पूर्ण वेगळी गोष्ट. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, ते सगळ्यांना आठवतं. तिथं औषधाची रिकामी बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना.

हाड वाढल्यानं श्वास कसा अडतो

दोन वाटांनी. पहिली मानेतली. मानेच्या मणक्यांच्या पुढेच अन्ननलिका असते, तिच्या पुढे स्वरयंत्र आणि श्वासनलिका. मणक्याच्या पुढच्या अंगाला हाडाचा उंचवटा आला की आधी अन्ननलिका दाबली जाते आणि कोरडी भाकर अटकू लागते. उंचवटा वाढला तर आवाज बसतो, आणि शेवटी श्वासाची वाट अरुंद होते.

दुसरी वाट छातीतली. प्रत्येक बरगडी मागे मणक्याला छोट्या सांध्यांनी जोडलेली असते. श्वास घेताना बरगड्या बादलीच्या कडीसारख्या वर उचलल्या जातात, म्हणून छाती रुंदावते. ते सांधे हाडानं जाम झाले की कडी उचललीच जात नाही. फुप्फुस चांगलं असतं, पण त्याला फुगायला जागा मिळत नाही. मग सगळं ओझं पोटाजवळच्या पडद्यावर, म्हणजे श्वासपटलावर येतं. असा माणूस बसून बरा असतो, चढावर आणि भरपेट जेवल्यावर धापतो. पाठीला कुबड आलं असेल तर जागा आणखी कमी होते.

हे करणारे तीन रोग नावानिशी माहीत असलेले बरे. पहिला, अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे कण्याचे सांधे सुजून हळूहळू जुळून जाणं. हा तरुणपणी, बहुधा चाळिशीच्या आत सुरू होतो. सकाळी कंबर अर्ध्या तासाच्या वर आखडलेली असते, चालल्या-फिरल्यावर मोकळी होते, आराम केल्यावर उलट वाढते. मधूनच एक डोळा लाल होऊन दुखतो. दुसरा डिश (इंग्रजीत DISH), म्हणजे मणक्यांच्या पुढच्या अस्थिबंधनांत हाड भरणं. त्याचं जुनं नाव फोरेस्टियरचा रोग. १९५० मध्ये तो वेगळा रोग म्हणून मांडला गेला. हा पन्नाशीनंतरचा, पुरुषांत जास्त, साखर आणि वजन वाढलेल्यांत जास्त. मानेतली वाट अडवणारा बहुतेक वेळा हाच. तिसरा फ्लोराइडचा, म्हणजे हाडांचा फ्लोरोसिस. यात हाडं दाट होतात, अस्थिबंधनांत हाड भरतं, पाठ-मान-बरगड्या एकदमच कडक होतात, आणि घरात किंवा मोहल्ल्यात तशीच तक्रार असलेली आणखी माणसं सापडतात.

घरी मोजायच्या चार गोष्टी

शिंप्याकडची कापडी टेप, एक भिंत आणि वही एवढं पुरे.

छाती मोजा. पुरुषांच्या छातीला निपलच्या रेषेत टेप गुंडाळा. बाईची मोजणारी बाईच असावी, आणि टेप स्तनांच्या खाली घ्यावी. सगळा श्वास सोडायला लावा, आकडा लिहा. मग जमेल तेवढा श्वास भरायला लावा, पुन्हा लिहा. तीनदा करा आणि सगळ्यात मोठा फरक धरा. निरोगी मोठ्या माणसात हा फरक साधारण ५ सेंटीमीटर किंवा जास्त येतो. वयानुसार तो थोडा कमी होतो, पण २.५ च्या खाली आला तर बरगड्या जाम असण्याची शंका घ्यायलाच हवी. टेप सैल किंवा तिरपी झाली की आकडा चुकतो, म्हणून घाई नको.

मग भिंत. टाचा आणि पाठ भिंतीला लावून उभं करायचं, नजर समोर. डोक्याचा मागचा भाग भिंतीला टेकला पाहिजे. टेकत नसेल तर मधलं अंतर मोजून लिहा.

तिसरी पाहणी फ्लोरोसिसच्या सर्वेक्षणातही वापरतात, आशाताईंना ती ठाऊक असू शकते. गुडघे न वाकवता पायाची बोटं शिवता येतात का, हनुवटी छातीला लागते का, आणि हात बाजूला पसरून, कोपरात दुमडून डोक्याच्या मागे नेता येतात का. तिन्ही जमत नसेल तर फक्त कंबरेचं दुखणं समजू नका. (जमलं नाही म्हणून जोर लावायचा नाही.)

चौथी गोष्ट श्वासाची गती. माणूस निवांत बसलेला असताना, त्याला न सांगता, पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. १२ ते २० नेहमीचं. आशाताईंकडे बोटाला लावायचं ऑक्सिमीटर असेल तर तेही लावा. ९० च्या खाली आकडा म्हणजे लगेच दवाखाना. पण ९७ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. छाती कडक झालेल्या माणसाचा ऑक्सिजन बसल्या बसल्या बरोबर दाखवतो. म्हणून घर ते हनुमानाचं देऊळ चालवून आणा आणि लगेच पुन्हा लावा.

आकड्यांच्या खाली तारीख टाका. डॉक्टरपुढे "लय दम लागते" म्हणण्यापेक्षा "छाती दीड सेंटीमीटरच फुगते, मागच्या दिवाळीला अडीच होती" हे सांगितलं की तपासणीची दिशाच बदलते.

विचारायचे प्रश्न

रोग्याला स्वतःहून सुचत नाही, घरच्यांनी विचारावं. उताणं झोपल्यावर दम वाढतो का, कुशीवर बरं वाटतं का? भाकर अटकते आणि वरण-भात जातो, असं होतं का? आवाज कधीपासून बदलला? रात्री दचकून, गुदमरून उठतो का? या प्रश्नांना हो असेल तर संशय मानेवर. पण उताणं झोपून दम लागणं हे हृदयाचंही लक्षण आहे, पायावर सूज असेल तर जास्तच. तेवढ्यानं निकाल लावू नका.

खोकला दोन आठवड्यांच्या वर असेल, संध्याकाळी ताप येत असेल, वजन उतरत असेल तर थुंकीची तपासणी सगळ्यात आधी. मणक्याचाही टीबी होतो आणि त्यानंही कुबड येतं.

दात पाहा. लहानपणापासून फ्लोराइडचं पाणी प्यायलेल्यांच्या दातांवर पिवळे-तपकिरी आडवे पट्टे दिसतात. इथं एक फसगत होते. दात बनण्याच्या वयात, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत ते पाणी पोटात गेलं तरच डाग पडतात. दुसऱ्या गावाहून लग्न होऊन आलेल्या बाईचे दात स्वच्छ असू शकतात आणि वीस वर्षं सासरचं पाणी पिऊन तिची पाठ मात्र आखडलेली असू शकते. दात पाहून बायांना वगळू नका.

पाणी

दवाखान्याची तारीख ठरायला वेळ लागतो, पाण्याचं काम उद्याच सुरू करता येतं. म्हणून हे जरा सविस्तर.

फ्लोराइडला रंग, वास, चव काही नसतं. पाणी गोड लागतं, वरण शिजतं, म्हणजे चांगलं, हा हिशोब इथं चालत नाही. तपासणीच लागते. ग्रामपंचायतीत जलसुरक्षकाला किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (आधीचा ग्रामसेवक) भेटा, नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवायला सांगा, आणि "जंतूंची नाही, फ्लोराइडची तपासणी हवी" हे शब्द वापरा. नाहीतर पाणी पिण्यायोग्य असल्याचा जंतूंचा अहवाल हातात पडतो आणि सगळे खूश. भारतीय मानकात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावं, असं आहे. नमुना प्यायला वापरता त्याच हातपंपाचा किंवा बोअरचा घ्या. शेजारच्या दोन बोअरमध्येही मोठा फरक असू शकतो.

उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं आणि उरलेल्यात त्याचं प्रमाण वाढतं. फडकं, मेणबत्तीचा फिल्टर, ब्लिचिंग, मेडिक्लोर, घरची तुरटी फिरवणं, यांपैकी कशानंही हे काम होत नाही. नागपूरच्या नीरी संस्थेनं शोधलेल्या नालगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुना वापरतात हे खरं, पण त्याचं प्रमाण पाण्यातलं फ्लोराइड आणि क्षारता मोजून ठरवावं लागतं. घरी अंदाजानं करण्याचं ते काम नाही. गावपातळीवर ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाचे (फ्लोराइड शोषून घेणाऱ्या दाण्यांचे) फिल्टर किंवा आरओ चालतं. फिल्टरमधला माल ठरावीक काळानं बदलावा किंवा पुन्हा चार्ज करावा लागतो आणि तिथंच बहुतेक योजना बसतात. उद्घाटनाला गर्दी असते, माल बदलायला कोणी नसतं. कॅनचं पाणी घेत असाल तर त्याचाही फ्लोराइडचा अहवाल मागा.

दुसरा स्रोत शोधताना जुनी उघडी विहीर विसरू नका. उथळ विहिरीच्या पाण्यात खोल बोअरपेक्षा फ्लोराइड पुष्कळदा कमी निघतं. पण तेही तपासून, आणि जंतूंसाठी ब्लिचिंग करून. टिनाच्या छपरावरचं पावसाचं पाणी, पहिल्या एक-दोन सरी वाहू देऊन, झाकलेल्या टाकीत साठवता आलं तर प्यायला आणि स्वयंपाकाला उत्तम.

स्वयंपाक हा शब्द महत्त्वाचा. प्यायला कॅनचं आणि वरण, भात, कणिक, चहा बोअरच्या पाण्यात, असं केलं तर फ्लोराइड पोटात जातच राहतं. आंघोळ, धुणीभांडी बोअरच्या पाण्यानं बिनधास्त करा. चहापत्ती आणि काळं मीठ यांतूनही फ्लोराइड जातं, म्हणून दिवसभराचे चहा कमी करा. खर्रा (सुपारी-तंबाखू) तर कुठल्याही कारणानं सुटलेला चांगलाच.

दवाखान्यात

प्राथमिक आरोग्य केंद्रात सुरुवात करा, चिठ्ठी घ्या. ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी एक्स-रे होतो. गुंतागुंत दिसली तर पुढे यवतमाळ, चंद्रपूर, अकोला, गोंदियाची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, सेवाग्राम, सावंगी, नागपूरला मेडिकल, मेयो किंवा एम्स. एकाच फेरीत काम व्हावं म्हणून रेशन कार्ड, आधार, जुन्या एक्स-रे फिल्म, चालू गोळ्यांची पाकिटं आणि ती वही सोबत ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा, नंतर नाही.

पहिल्या टप्प्यात छातीचा एक्स-रे, ईसीजी, हिमोग्लोबिन, साखर. सोबत फुंकण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, आवर्जून मागा. दमा किंवा बिडीच्या आजारात हवा बाहेर पडायला वेळ लागतो. छाती कडक असेल तर हवा भरतेच कमी, पण सुटते नीट. कागदावर हा फरक स्पष्ट दिसतो. माझ्या मते ही तपासणी झाल्याशिवाय कोणालाही वर्षानुवर्षं पंपावर ठेवू नये.

पाठीसाठी मान आणि पाठीचा बाजूनं काढलेला एक्स-रे, आणि ओटीपोटाचा म्हणजे पेल्व्हिसचा एक्स-रे. अँकिलोझिंगमध्ये कंबरेच्या खालचे, माकडहाडाच्या वरचे सांधे आधी खराब होतात. डिशमध्ये ते बहुधा शाबूत असतात आणि ओळीनं चार किंवा जास्त मणक्यांच्या पुढून हाडाचा सलग पट्टा दिसतो. फ्लोराइडची शंका असेल तर हाताचा, कोपर ते मनगट असा एक्स-रे काढायला सांगा: दोन हाडांमधल्या पडद्यात हाड भरलेलं दिसणं ही या रोगाची मोठी खूण. लघवीतलं फ्लोराइडही मोजता येतं. फ्लोरोसिससाठी केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८-०९ पासून आहे. तुमचा जिल्हा त्यात असेल तर जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करा.

गिळायला त्रास किंवा आवाजात बदल असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरनं दुर्बिणीनं घसा पाहायला हवा, मग सीटी स्कॅन. पायात मुंग्या, चालताना पाय अडखळणं असेल तर एमआरआय, कारण हाड मागच्या बाजूला वाढून मज्जारज्जूही दाबतं.

उपचारातून काय मिळतं

जाम झालेला सांधा गोळीनं सुटत नाही. तसं कोणी सांगत असेल तर पैसे खिशातच ठेवा. अँकिलोझिंगमध्ये लवकर निदान झालं तर वेदनाशामक गोळ्या, व्यायाम आणि गरज पडल्यास बायोलॉजिक (प्रतिकारशक्ती आवरून सूज कमी करणारी) इंजेक्शनं यांनी रोगाची सूज बरीच आटोक्यात येते. बायोलॉजिकआधी टीबीची तपासणी झालीच पाहिजे, कारण लपलेला टीबी त्यानं उसळतो. वेदनाशामक गोळ्या मेडिकल स्टोअरमधून आपल्या मनानं महिनोन्‌महिने घेतल्या तर किडनी आणि पोट जातं. फ्लोरोसिसला उतारा देणारं औषध नाही. पाणी बदललं की पुढची वाढ मंदावते, पोटाच्या आणि स्नायूंच्या तक्रारी कमी होऊ शकतात. दूध, हिरव्या भाज्या, आवळा, लिंबू यांनी कॅल्शियम आणि क जीवनसत्त्वाची भर पडते. डिशमध्ये साखर आणि वजन ताब्यात ठेवतात. मानेतल्या हाडानं श्वास किंवा गिळणं खरंच अडलं असेल तर गळ्याच्या पुढून ऑपरेशन करून ते हाड काढता येतं. एक्स-रेत हाड दिसलं एवढ्यावर मात्र ऑपरेशन होत नाही, त्रास त्या हाडामुळेच आहे हे आधी ठरावं लागतं.

रोजचं

सकाळ-संध्याकाळ दहा-दहा खोल श्वास. हात बरगड्यांच्या खालच्या भागावर ठेवून, त्या हाताला बाहेर ढकलल्यासारखा श्वास घ्यायचा, हळू सोडायचा. भिंतीला पाठ लावून उभं राहणं, आणि मानेचा त्रास नसेल तर थोडा वेळ पालथं पडणं. फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या.

सगळा श्वास आता पोटाच्या जोरावर चालतो हे लक्षात ठेवलं की बाकीचं आपोआप सुचतं. एकदाच भरपेट जेवण्यापेक्षा चार वेळा थोडं थोडं. लुगड्याची, धोतराची गाठ किंवा पट्टा कंबरेला करकचून नको. भाकर अटकत असेल तर ताकात किंवा वरणात कुस्करून, बसून, सावकाश. बिडी बंद, आणि चुलीसमोर बसणारी बाई रोगी असेल तर चूल दुसऱ्यानं सांभाळायची. तिच्या फुप्फुसाला आता धूर पचवायला जागा नाही.

पाठ चोळून घेणं, मान कटकन मोडून घेणं, पाठीवर पाय देऊन उभं राहणं, हे या माणसांसाठी बंद. जोडलेला कणा वाकत नाही, तुटतो. बाजेवरून पडल्यासारख्या साध्या मारानंही मणका मोडू शकतो. पडल्यावर नवीन दुखणं सुरू झालं तर एक्स-रे साधा दिसला तरी सीटी स्कॅनचा आग्रह धरा, आणि नेताना मान रोजच्या बाकासकट जशीच्या तशी आधार देऊन न्या.

शेवटचं काम ऑपरेशनच्या आधीचं. मोतीबिंदूच्या शिबिरात माणसाला उताणं झोपवतात, हर्निया किंवा हाडाच्या ऑपरेशनला भूल देतात. मान कडक असली तर श्वासाची नळी घालणं अवघड जातं, पाठ जोडलेली असली तर पाठीतून सुई घालणंही. शिबिराच्या गाडीत बसायच्या आधीच नोंदणी करणाऱ्याला सांगा, आणि केस पेपरवर लाल पेनानं लिहून घ्या: मान-पाठ आखडलेली, उताणं झोपल्यावर दम लागतो, भूलतज्ज्ञानं आधी पाहावं. जुना मानेचा एक्स-रे त्याच पिशवीत ठेवा.